जांभ्याच्या भिंती आणि वायफायचा आराखडा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या संस्थेचे वसतिगृह कागदोपत्री एकच इमारत असले, तरी प्रत्यक्षात ती तीन बांधकामांची जोड आहे. रस्त्याकडची जुनी दुमजली वास्तू जांभ्याच्या चिऱ्यांची असून तिची माडी लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली आहे आणि वर मंगळुरी कौले आहेत. तिच्या मागे नंतरच्या काळात बांधलेला, विटांच्या भिंतींचा आणि सिमेंट स्लॅबचा दुमजली भाग आहे, आणि अंगणापलीकडे स्वयंपाकघर व भोजनगृह यांची पत्र्याची शेड आहे. संस्थेने २०० एमबीपीएस वेगाची फायबर जोडणी घेतली तेव्हा राउटर कार्यालयात बसला, आणि कार्यालयाच्या शेजारची खोली ओलांडली की त्याची रेंज संपू लागली. कणकुंबी, जांबोटी, नंदगड या भागांतून शिकायला आलेली मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी कार्यालयाच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली दिसत. शाळेत संगणक हा विषय माझ्याकडे असल्यामुळे संपूर्ण इमारतीत वायफाय पोहोचवण्याचा आराखडा करण्याचे काम व्यवस्थापन समितीने माझ्यावर सोपवले.

काम सुरू होण्याआधीच उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. आमच्या कोषाध्यक्षांचे म्हणणे असे, की आठ अँटेनांचा मोठा राउटर आणून माडीच्या मध्यावर ठेवला की प्रश्न मिटेल. एका विक्रेत्याने दिलेल्या दरपत्रकात प्रत्येक व्हरांड्यात दोन-दोन ॲक्सेस पॉइंट (केबलने जोडलेली, वायफायच्या लहरी सोडणारी उपकरणे) दाखवले होते आणि इमारतीचा उल्लेख केवळ चौरस फुटांत होता. दोन्ही सूचनांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली होती: लहरी जितक्या जोरात सोडाव्यात तितक्या त्या लांब जातात आणि तेवढ्याने काम भागते. परंतु वायफाय हा दुतर्फा व्यवहार आहे. ॲक्सेस पॉइंटचा आवाज मोबाइलपर्यंत पोहोचला तरी मोबाइलचे उत्तर परत पोहोचावे लागते, आणि मोबाइलची प्रक्षेपणशक्ती त्याच्या लहान बॅटरीच्या व अँटेनाच्या मर्यादेत असते. रेंजच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही पान उघडत नाही, अशी तक्रार अनेकदा याच विषमतेतून येते. म्हणून उपकरण कोणते घ्यावे हा विचार मी शेवटी ठेवला आणि भिंती व माणसे या दोन गोष्टींपासून सुरुवात केली.

जुन्या वास्तूचा नकाशा संस्थेच्या दप्तरात सापडला नाही. तेव्हा या इमारतीच्या डागडुजीची कामे वर्षानुवर्षे करत आलेल्या एका वयस्क गवंड्यांना बोलावून घेतले, आणि टेप धरून आम्ही खोली-खोली मोजली. आलेखाच्या कागदावर एका चौकोनास एक फूट या प्रमाणात काढलेल्या त्या नकाशात मी भिंतींची जाडी, दारे, खिडक्या आणि कोनाडे तर दाखवलेच, शिवाय लोखंडी कपाटे, मुलांच्या ट्रंका आणि पाण्याच्या टाक्याही दाखवल्या. धातूच्या पत्र्यातून या लहरी आरपार जात नाहीत, त्या परततात, आणि भिंतीला लावून ओळीने रचलेल्या ट्रंका म्हणजे लहरींच्या दृष्टीने दुसरी भिंतच असते. गवंडीमामांनी सांगितलेली एक गोष्ट मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नसती. मधल्या मोठ्या भिंतीकडे बोट दाखवत ते म्हणाले, “सर, ही भिंत सगळी चिऱ्याची न्हाय ओ. दोन्ही अंगाला चिरा हाय, मधी दगडगोटे आणि माती भरल्यात.” ती भिंत जवळजवळ दोन फूट जाडीची निघाली. इतर आडव्या भिंती दीड फुटांच्या होत्या, तर मागच्या नव्या भागात वीटकामाच्या भिंती गिलाव्यासह नऊ-दहा इंचांच्या होत्या.

खिडक्यांच्या बाबतीतही असाच एक तपशील हाती लागला. व्हरांड्याकडे उघडणाऱ्या खिडक्यांमधून लहरी सहज आत शिरतील असे कोणालाही वाटेल. परंतु डासांसाठी त्या सर्व खिडक्यांना बारीक विणीची धातूची जाळी ठोकलेली आहे. आमचे वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांत चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते; त्यांच्या तुलनेत जाळीची छिद्रे इतकी लहान आहेत की ती जाळी जवळपास सलग पत्र्यासारखी वागते. नायलॉनच्या जाळीने असे होत नाही. नव्या भागात काही खिडक्यांना नायलॉनची जाळी आहे, आणि नकाशावर या दोन जाळ्या मी वेगवेगळ्या रंगांनी दाखवल्या.

यानंतरचा टप्पा भिंतींच्या मोजणीचा होता, आणि संपूर्ण कामात मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हाच. लहरींची शक्ती डीबीएम या एककात मोजतात आणि तिच्यातील घट-वाढ डीबीत सांगतात. मोबाइलपर्यंत पोहोचलेल्या शक्तीचे आकडे ऋण असतात, आणि शून्याच्या जितके जवळ तितकी रेंज चांगली. ही मोजपट्टी सरळ चढत नाही: ३ डीबी घटले की शक्ती निम्मी होते आणि १० डीबी घटले की एक दशांश उरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले तर ६ डीबी कमी होतात. म्हणजे १२ डीबी खाणारी भिंत मध्ये आली, तर अंतर चौपट झाल्याइतकाच परिणाम होतो. हे हिशेब समितीपुढे मांडल्यावर चौरस फुटांवरून उपकरणांची संख्या ठरवण्याचा आग्रह आपोआप मागे पडला.

मोजणीसाठी खास यंत्रे मिळतात, पण ती आमच्या आवाक्यातील नव्हती. ओळखीच्या एका दुकानदाराकडून आम्ही एक ॲक्सेस पॉइंट काही काळासाठी मागून घेतला, तो रंगाऱ्याच्या घोडीवर छताच्या उंचीला बांधला आणि वाचनासाठी एक साधा अँड्रॉइड मोबाइल वापरला. पद्धत साधी होती. उपकरण भिंतीपासून चार-पाच मीटर अंतरावर ठेवायचे, भिंतीच्या अलीकडे तिला लागून वाचन घ्यायचे, मग पलीकडे जाऊन त्याच रेषेत वाचन घ्यायचे, आणि दोन्हींची वजाबाकी करायची. मोबाइल दोन्हीकडे एकाच पद्धतीने धरावा लागतो, कारण माणसाच्या शरीरातील पाणी लहरी शोषते आणि पाठ उपकरणाकडे वळली तरी आकडा घसरतो. शिवाय आकडा स्थिर राहत नसल्यामुळे एका जागी अनेक वाचने घेऊन मधले धरणे बरे. येथे एक सूचना करून ठेवतो. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून कोणत्याही ॲपला दोन मिनिटांत चारपेक्षा अधिक वेळा आसपासची वायफाय नेटवर्क तपासू दिली जात नाहीत, त्यामुळे चालत चालत मोजणी करणाऱ्यास मागच्या खोलीतला शिळा आकडा पुढच्या खोलीत दिसत राहतो. दहाव्या आवृत्तीपासून डेव्हलपर पर्यायांमध्ये हे बंधन काढता येते, आणि मोजणीपूर्वी ते काढणे आवश्यक आहे.

दीड फुटांच्या कोरड्या जांभ्याच्या भिंतीने २.४ गिगाहर्ट्झवर साधारण १० डीबी आणि ५ गिगाहर्ट्झवर १६ ते १८ डीबी खाल्ले. गवंडीमामांनी दाखवलेल्या त्या मधल्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झची जोडणी टिकतच नव्हती. वीटकामाच्या भिंतीतली घट त्या मानाने सौम्य, ६ ते ८ डीबींची होती. नव्या भागातील स्लॅबमधून मात्र, आतल्या सळ्यांमुळे आणि काँक्रीटच्या जाडीमुळे, वरच्या मजल्यावर फारच थोडे पोहोचत होते. याच्या अगदी उलट, जुन्या माडीच्या फळ्यांमधून लहरी विनासायास खाली-वर जात होत्या. एकाच वसतिगृहातील दोन भागांचे स्वभाव असे परस्परविरुद्ध निघाल्यामुळे एकच नियम दोन्हीकडे लावता येणार नाही हे स्पष्ट झाले: जुन्या वास्तूत खालची व वरची खोली एकत्र धरून विचार करायचा, पण शेजारच्या खोल्या वेगळ्या मानायच्या, नव्या भागात शेजारच्या दोन खोल्या एकत्र धरायच्या, पण मजले वेगळे मानायचे.

ही सारी मोजणी वैशाखातली होती. जांभा हा सच्छिद्र दगड आहे, आणि खानापूरच्या पश्चिमेकडील पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना मृगापासून पुढे भिंतींची काय अवस्था होते हे सांगावे लागत नाही. गवंडीमामांचे शब्दच द्यायचे तर, “चिरा एकदा प्याला की दिवाळीपतोर वाळत न्हाय.” पाणी लहरी शोषते हे माहीत असल्यामुळे समितीला विनंती करून मी अंतिम निर्णय पावसापर्यंत थांबवून ठेवला, आणि आषाढात पश्चिमेकडच्या भिंती पुन्हा मोजल्या. ज्या भिंतींना बाहेरून गिलावा नव्हता, त्यांनी ५ गिगाहर्ट्झवर आणखी ३ ते ५ डीबी घेतले. आतल्या कोरड्या भिंतींत फरक जाणवला नाही. आकडा लहान दिसतो, पण ३ डीबी म्हणजे निम्मी शक्ती. ज्या खोलीची रेंज उन्हाळ्यात जेमतेम पुरत होती, ती पावसात कोरडी पडली असती. आमच्या भागात जुन्या चिरेबंदी इमारतीसाठी असा आराखडा करायचा असेल, तर मोजणी पावसाळ्यात करावी किंवा उन्हाळ्यातल्या मोजणीत तेवढी सूट आधीच धरावी, असे माझे मत आहे.

त्यानंतर माणसे मोजली. रेक्टरांच्या मदतीने दिवसाच्या कोणत्या वेळी कोण कुठे असते याची नोंद केली, आणि त्यातून जे चित्र उभे राहिले ते खोल्यांच्या क्षेत्रफळाशी अजिबात जुळत नव्हते. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर रात्रीच्या जेवणापर्यंत माडीवरील अभ्यासिकेत साठेक मुले बसतात, त्या वेळी राहण्याच्या खोल्या रिकाम्या असतात. झोपण्यापूर्वीचा तासभर हेच उलट होते. संगणक कक्षातील यंत्रे एका जागी स्थिर असल्यामुळे त्यांना वायफायची गरजच नाही. त्यांना थेट केबल द्यावी आणि हवेतील जागा मोबाइलसाठी मोकळी ठेवावी, हा निर्णय सर्वात सोपा होता. एका ॲक्सेस पॉइंटच्या चॅनेलवर (म्हणजे पट्ट्यातील त्याला नेमून दिलेल्या तुकड्यावर) एका वेळी सहसा एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांना वाट पाहावी लागते. म्हणून साठ जणांच्या खोलीत रेंज एका उपकरणाने पोहोचत असली, तरी तेथे दोन लागतील असे मी धरले.

रेंज कुठपर्यंत पुरेशी मानायची हेही आधी ठरवावे लागते. आवाजी संभाषण आणि थेट चालणारे वर्ग यांसाठी ऋण ६७ डीबीएम ही मर्यादा या क्षेत्रात सर्रास वापरली जाते. आम्ही अभ्यासिका, राहण्याच्या खोल्या आणि कार्यालय यांना ती लावली. न्हाणीघरे, जिने आणि भोजनगृह यांना कोणतेच लक्ष्य ठेवले नाही. भोजनगृहाचा प्रश्न समितीत थोडा रंगला. तेथेही वायफाय असावे असे तरुण सदस्यांचे मत होते, तर जेवताना तरी मुलांनी एकमेकांशी बोलावे असे रेक्टरांचे म्हणणे पडले. पत्र्याच्या शेडमध्ये लहरी बाहेरून जवळजवळ शिरत नसल्यामुळे रेक्टरांचा पक्ष इमारतीनेच उचलून धरला होता.

आता जागा. व्हरांड्यात उपकरणे लावणे सोयीचे दिसते, कारण केबल एका सरळ रेषेत जाते आणि खोल्यांत भोके पाडावी लागत नाहीत. परंतु लांब मोकळ्या व्हरांड्यात ती एकमेकांना अगदी स्पष्ट ऐकतात, एकाच चॅनेलवर असली तर एकमेकांसाठी थांबत राहतात, आणि ज्यांच्यासाठी ती बसवली ती मुले मात्र भिंतीच्या व धातूच्या जाळीच्या पलीकडे असतात. आमच्या इमारतीत तर व्हरांडा आणि खोली यांच्यामध्ये जांभ्याची दीड फुटांची भिंत आहे. जी भिंत रेंज अडवते तीच भिंत दोन ॲक्सेस पॉइंटना एकमेकांपासून वेगळेही ठेवते, त्यामुळे उपकरण खोलीच्या आत बसवले तर तिचा उपद्रव नाहीसा होऊन तिचा उपयोग सुरू होतो. ही गोष्ट पटायला मलाही नकाशासमोर बराच वेळ बसावे लागले.

शेवटी सात जागा निश्चित झाल्या. जुन्या वास्तूत खालच्या मजल्यावर कार्यालय आणि मधल्या भिंतीपलीकडची मोठी खोली येथे एकेक, तर माडीवर अभ्यासिकेच्या दोन टोकांना दोन. माडीवरच्या उर्वरित दोन खोल्यांसाठी स्वतंत्र उपकरण लागले नाही, कारण फळ्यांमधून खालच्या उपकरणांची रेंज वर चांगली येत होती आणि ती आम्ही मोजून पाहिली होती. नव्या भागात खाली एक आणि वर दोन. तेथील जागा अशा निवडल्या, की वरचे उपकरण खालच्याच्या नेमके डोक्यावर न येता तिरके यावे. छताला लावायच्या ॲक्सेस पॉइंटची रचना चकतीच्या पातळीत सर्व बाजूंना आणि खालच्या दिशेला लहरी पसराव्यात अशी असते. ते भिंतीवर उभे लावले, तर शक्तीचा मोठा भाग वर-खाली आणि भिंतीत जातो. कौलारू छताखाली सपाट जागा नसल्यामुळे वायरमनने दोन तुळयांमध्ये सागवानी फळी आडवी ठोकून उपकरण तिच्या खालच्या अंगाला लावले, आणि कौलांतून ठिबकणाऱ्या पाण्याची जागा टाळली.

चॅनेलचे वाटप करताना २.४ गिगाहर्ट्झची अडचण सर्वांना ठाऊक असलेलीच आहे. भारतात या पट्ट्यात १ ते १३ हे चॅनेल मोकळे असले, तरी एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ हे तीनच हाताशी येतात. एकाच वर्गात दोन गुरुजींनी एकाच वेळी शिकवायला सुरुवात करावी तसे काहीसे एका चॅनेलवरील दोन शेजारी उपकरणांचे होते. लाकडी माडीमुळे आमच्याकडे खालचे आणि वरचेही शेजारी ठरत होते. म्हणून सातपैकी तीनच ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झ चालू ठेवले, इतर ठिकाणी ते बंद केले. बंद करण्यासाठी उपकरण विकत घेतले का, असा प्रश्न यावर आला, आणि तो विचारणाऱ्यांचे समाधान मला पूर्णपणे करता आले असे म्हणवत नाही.

५ गिगाहर्ट्झमध्ये परिस्थिती पुष्कळच सुखाची आहे. २०१८ साली केंद्र सरकारने या पट्ट्यातील परवानामुक्त वापराची मर्यादा वाढवली, आणि आता ३६, ४०, ४४, ४८ तसेच १४९, १५३, १५७, १६१ असे २० मेगाहर्ट्झ रुंदीचे आठ चॅनेल कोणत्याही कटकटीविना मिळतात. मधल्या ५२ ते १४४ या चॅनेलांवर उपकरणाला आधी किमान एक मिनिट रडारचा कानोसा घ्यावा लागतो आणि रडार आढळल्यास चॅनेल सोडावा लागतो. बेळगावचा विमानतळ सांबऱ्याला, आमच्यापासून पुष्कळ लांब आहे. तरीही मुलांचे काही जुने, स्वस्त मोबाइल हे चॅनेल पाहतच नसल्यामुळे मी ते वगळले. सात उपकरणांना सात निरनिराळे चॅनेल पुरले. चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवली असती तर जाहिरातीतले आकडे दिसले असते, पण एवढ्या भागात दोनच रुंद चॅनेल हाती उरले असते. २० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांच्या वायफाय ६ उपकरणाचा कमाल जोडवेग २८७ एमबीपीएसच्या आसपास असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी २०० एमबीपीएसची जोडणी सर्वांत वाटून घेणाऱ्या वसतिगृहाला तो कमी नाही.

केबलचे काम वायरमनवर सोडून मोकळे होता येत नाही, निदान आमच्याकडे येत नव्हते. कॅट ६ या प्रकारच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर, आणि तीत भिंतीवरून चढणारा-उतरणारा सारा भाग धरावा लागतो. आमचा सर्वात लांबचा मार्ग त्याच्या बराच आत राहिला. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबल स्वस्तात मिळते. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि आम्ही ॲक्सेस पॉइंटला वीजही याच केबलमधून देणार असल्यामुळे ती घ्यायची नाही असे ठरवले. बेळगावच्या दुकानात केबल घेताना वायरमनने तारेचे टोक चाकूने खरवडून पाहिले. आत पांढरे निघाले की ॲल्युमिनियम. हा रोकडा उपाय कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मला भरवशाचा वाटला.

केबलमधून वीज देण्याच्या ८०२.३ एएफ या प्रमाणानुसार स्विचकडून (सर्व केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याकडून) दर पोर्टला, म्हणजे केबलच्या दर खाचेला, १५.४ वॅट सुटतात आणि केबलमधील घट जाऊन उपकरणाला १२.९५ वॅटची खात्री मिळते. स्विचला आठ पोर्ट आहेत म्हणून तो आठही पोर्टांवर एवढी वीज देऊ शकतो असे नसते. त्याची एकूण क्षमता वेगळी लिहिलेली असते. आमच्या सात उपकरणांची कमाल गरज ९१ वॅटच्या घरात जात होती. त्यामुळे ६५ वॅटचा स्वस्त स्विच सोडून १२० वॅटचा घेतला. याचा मोठा फायदा असा, की स्विच आणि फायबरचा डबा या दोघांना कार्यालयातील इन्व्हर्टरवर ठेवले की पावसाळ्यात वीज गेली तरी साऱ्या इमारतीतील वायफाय चालू राहते. प्रत्येक उपकरणाशेजारी प्लग काढला असता तर हे साधले नसते.

विजेच्या कडकडाटाचा विचार मात्र वेगळा करावा लागला. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा फार पडतात, आणि दोन इमारतींमध्ये टाकलेली तांब्याची केबल जवळ पडलेल्या विजेचा धक्का थेट स्विचपर्यंत आणते. जुन्या वास्तूतून नव्या भागाकडे जाण्यासाठी म्हणून जमिनीखालून नळीतून फायबर टाकली. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. पलीकडे लहान स्विच बसवला आणि तिकडच्या तीन उपकरणांची वीज त्यावर घेतली. त्यामुळे एकूण गरजेची विभागणी झाली, पण मोठा स्विच तोपर्यंत घेऊन झाला होता आणि पुढील वाढीसाठी तो तसाच ठेवला. जांभ्याला भोक पाडताना चिरा बाहेरच्या अंगाला फुटतो, म्हणून लांब बिट दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे चालवावे लागले. पाणी आत उतरू नये यासाठी नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवली. माळ्यावरून नेलेली केबल उंदरांच्या भयाने सर्वत्र पीव्हीसी पाइपातून नेली.

उपकरणे लागल्यावर पहिले काम होते ते त्यांचा आवाज कमी करण्याचे. आमचे सर्व ॲक्सेस पॉइंट येताना पूर्ण शक्तीवर होते. मोबाइलचे उत्तर जेथून पोहोचते तेवढ्याच टापूत त्यांनी बोलावे, या हिशेबाने ५ गिगाहर्ट्झची शक्ती १५ डीबीएमच्या आसपास आणली. २.४ गिगाहर्ट्झची त्याहूनही ६ डीबी कमी ठेवली, कारण त्या लहरी मुळातच अधिक दूर जातात आणि शक्ती सारखी ठेवली तर मोबाइल त्यांनाच चिकटून बसतात. शक्ती कमी केल्याचा दुसरा परिणाम असा, की कार्यालयातून माडीवर गेलेला मुलगा खालच्या उपकरणाला लोंबकळत न राहता वरच्याशी जोडला जातो. कोणत्या उपकरणाशी जोडायचे हा निर्णय शेवटी मोबाइलच घेतो. आपल्याला केवळ तो निर्णय सोपा करून देता येतो. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने संथ वेगही बंद केले. वायफायची नावे दोनच ठेवली, एक विद्यार्थ्यांसाठी आणि एक कार्यालयासाठी, कारण प्रत्येक नावामागे प्रत्येक उपकरण सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली घोषणा करते आणि ती घोषणा सर्वात संथ वेगाने जाते. पाहुण्यांसाठी वेगळे नाव हवे ही मागणी त्यामुळे मान्य झाली नाही.

यानंतर नकाशा हातात घेऊन प्रत्येक खोलीच्या मध्यावर आणि कोपऱ्यांत पुन्हा वाचने घेतली, खोल्यांची दारे बंद ठेवून आणि मुले आत असताना. रिकाम्या अभ्यासिकेतील आकडे फसवे असतात; साठ मुले बसली की त्याच जागी काही डीबी कमी मिळतात. नव्या भागातील वरच्या मजल्यावर एका कोपऱ्यात ऋण ७२ डीबीएम येत होते. पाहिले तर गिलावा तडकू नये म्हणून भिंत आणि तुळई यांच्या सांध्यावर बसवलेली तारेची जाळी त्या बाजूला भिंतीत बरीच खालपर्यंत उतरली होती. प्रत्येक ठिकाणी केबलचे दोन-तीन मीटर वेटोळे जास्तीचे सोडायला वायरमनला सांगितले होते, ते येथे कामी आले आणि उपकरण पुढच्या चौकटीकडे सरकवून तो कोपरा ऋण ६६ वर आणता आला.

आकड्यांसह तो नकाशा आता रेक्टरांच्या कपाटात आहे आणि त्याची एक प्रत वायरमनकडे आहे. प्रत्येक जागेपुढे चॅनेल, शक्ती, केबलचा क्रमांक आणि स्विचमधील पोर्ट लिहिलेला आहे. उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा समितीचा विचार आहे. तो करताना चिऱ्यावर तारेची जाळी ठोकायची असल्यास त्याआधी आणि नंतर त्या बाजूच्या तीन खोल्या पुन्हा मोजाव्यात, असा शेरा मी नकाशाच्या कडेला लाल शाईने लिहून ठेवला आहे.